शिशाचा शिलेदार

"पोरी, हात साबणाने धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नको. आणि यातलं काही, अगदी बारीकसा कणसुद्धा, तिच्या तोंडात जाता कामा नये," असं भाऊ म्हणाले तेव्हा मी अजून लोखंडी पळीत होतो, पातळ आणि चकचकीत.

सुलक्षणा हसली. "भाऊ, मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेय. वरून तीन हात रंग बसणार आहे याला. मग शिसं बाहेर येईल कुठून?"

भाऊंनी पळी साच्यावर कलती केली आणि मी आत उतरलो.

मित्रांनो, मी तोच शिशाचा शिलेदार. उंचीला तुमच्या करंगळीएवढा, घोड्यासकट. आता माझ्या अंगावर रंग नाही, भाल्याचं टोक वाकलेलं आहे आणि मी झाकणाच्या एका काचेच्या बरणीत राहतो. माझी हकिगत मला सांगायची आहे. ती सांगताना मी रडणार नाही, कारण शिशाला रडता येत नाही. पण तुम्ही नीट ऐका.

साच्यात उतरण्याआधी मी शिलेदार नव्हतो. पूर्वी पुस्तकं छापायची तर एकेक अक्षर म्हणजे शिशाचा एकेक खिळा असायचा. तसे खिळे ओतण्याच्या कारखान्यात भाऊंनी गिरगावात तीस वर्षं काढली होती. नवी यंत्रं आली, कारखाना बंद पडला, आणि झिजलेल्या खिळ्यांची एक गोणपाटाची पिशवी घेऊन भाऊ मुलुंडला आपल्या तळमजल्यावरच्या खोलीत येऊन राहिले. त्या पिशवीत मी होतो. कुठली अक्षरं होतो ते आता आठवत नाही.

त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जयवंत आणि सुलक्षणा राहायचे. जयवंत एका कंपनीत नकाशे काढायचा. त्याचा मित्र नंदकुमार पवईच्या इंजिनिअरिंगच्या संस्थेत, वर्कशॉपमध्ये होता. नंदकुमारच्या भावाने विलायतेहून एक पुस्तिका पाठवली होती. टेबलावर चिमुकली सैन्यं मांडायची, फूटपट्टीने मोजून ती पुढे सरकवायची, फासे टाकून कोण जिंकलं ते ठरवायचं, असा तो खेळ होता. मोठ्या माणसांचा खेळ, आणि नियम बत्तीस पानांचे. विलायतेत अशी सैन्यं दुकानात मिळतात म्हणे. इथे कुठली मिळायला! मग नंदकुमारने सागाच्या लाकडात एक घोडेस्वार आणि दोन-तीन पायी शिपाई कोरले, त्यांवरून प्लास्टरचे साचे घेतले, भाऊंनी पिशवी सोडली, आणि सुलक्षणाच्या स्वयंपाकघरात रॉकेलच्या स्टोव्हवर आमची पलटण जन्माला आली. ते १९८३ साल होतं. सुलक्षणाची मुलगी अनुपमा तेव्हा तीन महिन्यांची होती आणि त्याच खोलीत पाळण्यात झोपलेली होती.

मी साच्यातून निघालो तेव्हा माझ्या कडांना पापुद्रे होते. सुलक्षणाने ते कानशीने घासून काढले. करडी भुकटी तिच्या मांडीवर, ओट्यावर, पदरावर पडली. ती तिने फुंकून टाकली. मग तिने मला रिकाम्या दोऱ्याच्या रिळावर मेणाने चिकटवलं, म्हणजे रंगवताना अंगाला हात लागू नये. आधी पांढरा हात. तो वाळला की अंगरख्याचा केशरी. घड्यांच्या खाचांत तोच रंग थोडा गडद करून, आणि घड्यांच्या टोकांवर थोडा फिका करून, म्हणजे कापड खरंच खाली पडल्यासारखं दिसतं. घोडा तिने पांढरा केला, गुडघ्यापासून खाली काळा. डोळे सगळ्यांत शेवटी. त्यासाठी तिने ब्रशचे सगळे केस कापून दोनच ठेवले होते. ती श्वास रोखायची, टेकवायची, उचलायची. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरून फिरवायची.

इमारतीतले सगळे मला बघायला आले. "झकास! अगं, याला मिशा पण आहेत!" असं म्हणत त्यांनी मला हातोहात फिरवलं. एवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

रविवारी जेवणाच्या टेबलावर लढाई व्हायची. उशांवर हिरवी चादर पसरली की डोंगर तयार.

"जयवंता, तुझं घोडदळ दलदलीत गेलं. एक डाव बस आता," नंदकुमार म्हणायचा.

"दलदल कुठेय? चादरीची सुरकुती आहे ती!"

"नियमात सुरकुती नाही यार. जे खाली गेलं ते दलदल."

"सुलक्षणा, तूच सांग गं याला."

"मी फक्त रंगवते," आतून आवाज यायचा. "मरायचं कुणी ते तुमचं तुम्ही बघा."

त्या लढायांत मी नऊ वेळा मेलो. नऊही वेळा पुन्हा उभा राहिलो. खेळात तशी सोय असते.

मग अनुपमाचं उष्टावण आलं. काही घरांत त्या दिवशी खीर चाटवून झाली की बाळापुढे ताट ठेवतात. ताटात पुस्तक, लेखणी, दागिना, मातीचं ढेकूळ. बाळ ज्याला हात घालेल ते त्याचं पुढचं आयुष्य, असं मानतात. गंमत म्हणूनच मानतात, पण सगळे पुढे सरकून बघतात. सुलक्षणाच्या सासूबाई जानकीबाई मालवणकडच्या. ताट त्यांनीच मांडलं होतं.

"आपल्या घरचं काहीतरी ठेव की त्यात," जयवंत म्हणाला.

सुलक्षणाने मला लेखणीशेजारी उभं केलं. मी त्या दिवशी नुकताच पुसलेला होतो, चमकत होतो. अनुपमाने बांगडी ढकलली, पुस्तकावर हात आपटला आणि मला उचललं. उचलून सरळ तोंडात घातलं.

टाळ्या वाजल्या. पोरीने बापाचा नाद उचलला म्हणून जानकीबाईंना तर आनंद आवरेना. "चेडवान शिलेदार उचलल्यान! बापाशीचो नाद घेतल्यान गो हिना!"

सुलक्षणाने मला काढून घ्यायला हात पुढे केला. तेव्हा जानकीबाई म्हणाल्या, "नको गो. उचललेला काढून घेवचा नसता. तिचा ता तिचाच."

सुलक्षणाचा हात थांबला. मी बघत होतो, मित्रांनो, तो हात क्षणभर हवेत होता. मग तिने त्याच हाताने बाळाची लाळ पुसली. भाऊ त्या दिवशी तिथे नव्हते. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ते चिपळूणला मुलीकडे गेले होते, ते पुढे दीड वर्ष तिकडेच राहिले.

जानकीबाईंनी माझ्या घोड्याच्या पोटाला काळा दोरा बांधून मला पाळण्याला टांगलं. पुढे अनुपमा बसू लागली तेव्हा दोरा तिच्या मनगटात आला.

सुलक्षणा निष्काळजी होती असं तुम्हाला वाटेल. तसं नव्हतं. तिच्याइतकी जपणारी आई मी पाहिली नाही, अर्थात मी एकच पाहिली. ती पाणी वीस मिनिटं उकळायची. बाहेरून आलेल्या माणसाला पाय धुतल्याशिवाय पाळण्याकडे फिरकू द्यायची नाही. बाळ झोपलं की नाकाशी बोट धरून श्वास बघायची. दर शनिवारी वाटी-चमच्याबरोबर मलाही उकळत्या पाण्यात टाकायची, म्हणजे जंतू मरतील. जंतू मरत असतील. रंगाचे मात्र पापुद्रे सुटायचे.

रंग गेला की ती मला पुन्हा रंगवायची. लेकीच्या हातातली वस्तू विद्रूप दिसू नये म्हणून. पुन्हा रीळ, पुन्हा केशरी, पुन्हा दोन केसांचा ब्रश. दुपारी अनुपमा झोपलेली असताना ती मला डोळे काढायची, आणि जागी झाल्यावर अनुपमा ते चाटून टाकायची.

वर्षाची झाली तेव्हा अनुपमा 'आई', 'बाबा', 'काऊ', 'दे' म्हणायची. मला ती 'घो' म्हणायची. पाळण्याला धरून उभी राहायची.

मग ती फिकी दिसायला लागली. घास तोंडाशी नेला की मान फिरवायची. पोट धरून रडायची, आणि शौचाला चार-चार दिवस व्हायचं नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दात येताहेत. नंतर म्हणाले, जंत असतील. रक्त वाढायचं लाल औषध दिलं. सुलक्षणा प्रत्येक वेळी वहीत लिहून न्यायची: किती खाल्लं, किती झोपली, किती वेळ रडली. माझं नाव त्या वहीत नव्हतं.

हळूहळू अनुपमाने 'दे' म्हणायचं सोडलं. मग 'काऊ'. उभी राहायची ती बसूनच राहायला लागली. मला हातात धरून चोखत एका जागी बसायची. शांत मूल म्हणून शेजारच्या बायका तिचं कौतुक करायच्या. "काही त्रास नाही हं तुझ्या पोरीचा!"

"हो, गुणी आहे," सुलक्षणा म्हणायची, आणि दार लावलं की तिच्या तोंडासमोर टाळ्या वाजवून बघायची, ऐकू येतं का ते.

१९८५च्या पावसाळ्यानंतर भाऊ परत आले. जाड भिंगांचा नवा चष्मा, हातात काजूची पुडी. दोन जिने चढून आले, खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "कुठाय आमची नात?"

अनुपमा चटईवर बसली होती. त्यांनी तिला मांडीवर घेतलं. मग चष्मा सारखा करून त्यांनी मला तिच्या तोंडातून बाहेर ओढलं. माझा चेहरा तेव्हा करडा झालेला होता.

"याचे डोळे कुठे गेले?"

"निघतात हो," सुलक्षणा म्हणाली. "मी परत काढते. कितीदा काढलेत."

"निघून कुठे जातात, पोरी?"

तिने अनुपमाच्या तोंडाकडे बघितलं. गॅसवर चहा उतू गेला. तो वास सगळ्यांना आला, पण कुणी उठलं नाही.

भाऊंनी अंगठ्याने अनुपमाचा वरचा ओठ हलकेच वर केला आणि तिला उजेडाकडे वळवलं. दातांच्या मुळाशी, हिरडीच्या काठावर, एक बारीक निळसर रेघ होती. पेन्सिलीने ओढावी तशी.

"आमच्याकडे दत्ताराम म्हणून होता. भट्टीवर," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "त्याच्या हिरडीवर ही रेघ होती. पुढे त्याचं मनगट असं लुळं पडलं. पोळी तोडता येईना. साहेबाने आम्हाला हात धुतल्याशिवाय डबा उघडायला बंदी केली होती, ती काय उगाच? उठ. दवाखान्यात नको, मोठ्या हॉस्पिटलात चल."

जानकीबाई दारात होत्या. "माका काय ठाऊक, भाऊनु?" त्या म्हणाल्या. "माका काय ठाऊक?"

"तुम्हाला नव्हतं," सुलक्षणा म्हणाली. "मला होतं." मग ती अनुपमाचे कपडे पिशवीत भरायला लागली. एकाच फ्रॉकची घडी तिने चार वेळा घातली.

हॉस्पिटलात मला एका बशीत ठेवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला चिमट्याने उचलून शिकाऊ मुलांना दाखवलं. म्हणाल्या, आत शिसं, वरच्या पिवळ्या-केशरी रंगातही शिसं, ओतताना आणि घासताना उडलेली भुकटी वेगळीच. एवढ्याशा जिवाला ते पोटातून थेट डोक्यापर्यंत चढतं. त्या रागावल्या नाहीत. सुलक्षणा त्या रागावण्याची वाट बघत होती, असं मला वाटलं. पाच दिवस इंजेक्शनं, मग थांबायचं, मग पुन्हा पाच दिवस. अनुपमा सुई टोचताना रडत नसे. सुलक्षणाला त्याचीच जास्त भीती वाटायची. नवव्या दिवशी ती कळवळून रडली, तेव्हा सुलक्षणाने नर्सचा हात घट्ट धरला आणि सोडलाच नाही.

अनुपमा वाचली. ती चालते, जेवते, बालवाडीत जाते. त्याच वर्गात हे तिचं दुसरं वर्ष. बोलते, पण कमी. काही विचारलं तर बराच वेळ बघत राहते, आणि तुम्ही कंटाळून वळलात की मग उत्तर देते. पुढे काय होईल ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. "वेळ द्या," एवढंच त्या म्हणाल्या.

आणखी एक गोष्ट त्यांनी विचारली होती. हॉस्पिटलातून निघताना, कागदावर सही करता करता. "असं आणखी कुणाच्या घरी आहे का?"

खेळाची पलटण नंदकुमारने त्याच आठवड्यात उचलून पत्र्याच्या पेटीत बंद केली होती. पेटीला कुलूप आहे. पण उष्टावणात माझा एवढा बोलबाला झाला होता की ओळखीच्या घरांतून मागण्या आल्या होत्या. आमच्याही ताटात एक ठेवू, असं सगळे म्हणायला लागले. सुलक्षणाने हौसेने तीन शिपाई रंगवून दिले होते. तीन घरं, तीन बाळं.

तिने मला बरणीत घातलं, झाकण घट्ट लावलं, आणि शोधायला निघाली. ओळख पटवायला मी लागायचो. "असा होता. याच्याएवढा," असं ती बरणी पुढे करून सांगायची. आयुष्यात मी पहिल्यांदाच काही उपयोगाचं काम करत होतो.

पहिलं घर घाटकोपरला, तिची नणंद सुहासिनी हिचं. तिथे सुलक्षणा खोटं बोलली. म्हणाली, "रंग उडाला असेल, नवा हात देते."

"दिलेलं परत न्यायला आलीस?" सुहासिनी म्हणाली. "शोकेसमध्ये ठेवलाय बाई. आमच्या बंड्याने सोन्याचीच साखळी उचलली, याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. व्यवहारी आहे माझा मुलगा."

सुलक्षणा हसायला लागली. हसताहसता शोकेसच्या काचेला डोकं टेकून उभी राहिली. सुहासिनीची थट्टा तिथेच थांबली. मग सुलक्षणाने तिला सगळं खरं सांगितलं. त्यानंतर ती कुठेच खोटं बोलली नाही.

दुसरं घर बोरिवलीला, तिची कॉलेजातली मैत्रीण प्रेमा हिचं. प्रेमाकडचा शिपाई गोराईच्या किनाऱ्यावर वाळूत हरवला होता, मुलगी सात महिन्यांची असतानाच. प्रेमाने तरीही मुलीला आणून ओठ वर करून दाखवला. हिरडी गुलाबी होती.

तिसरा शिपाई मालनला दिला होता. मालन मुलुंडला आमच्याच इमारतीत मागच्या बाजूला भाड्याने राहायची, अनुपमापेक्षा दोन महिन्यांनी लहान मुलगा होता तिला. त्याचं उष्टावण झाल्यावर महिनाभरात ते लोक अंधेरीला गेले. सुलक्षणा अंधेरीला गेली, तर तिथल्या बाईने सांगितलं, केव्हाच सोडली त्यांनी खोली. नवा पत्ता? नाही ठेवला. त्या गोष्टीला तीन वर्षं झाली. सुलक्षणा अजून जाते. शाळा सुटायच्या वेळी कुठल्याही फाटकापाशी उभी राहते, मला पिशवीत घेऊन. मुलांच्या तोंडांकडे बघत. लोक तिला हटकतात.

तिने त्या बाळाचं नाव विचारलेलं आठवत नाही. सगळे त्याला बाळ्याच म्हणायचे.

मित्रांनो, आम्ही वस्तू माणसांकडे एवढंच मागतो, की आम्ही कशाच्या बनलो आहोत ते विचारा. सुंदर दिसतो म्हणून हातात घेऊ नका, कौतुक होतं म्हणून तोंडात जाऊ देऊ नका. आणि हातांनी काम करून पिकलेलं एखादं माणूस 'जप' म्हणालं, तर आपण किती शिकलो आहोत ते त्याला सांगत बसू नका.

पण माझं खरं काम वेगळंच आहे.

मालनकडचा तो तिसरा शिपाई शिंग वाजवणारा आहे. घोड्यावर नाही, पायी. लाल पागोटं, हिरवा अंगरखा, गाल फुगवलेले. रंग उडाला असेल तर नुसता करडा. तो मुलगा आता पाचेक वर्षांचा असेल. शाळेत जात असेल, तुमच्याच शाळेत, तुमच्या धाकट्या भावंडाच्या वर्गात. तो दंगा करणार नाही. बाई त्याला गुणी म्हणत असतील. डबा तसाच परत नेत असेल, मधल्या सुट्टीत पोट दाबून भिंतीशी बसत असेल.

उद्या शाळेत गेलात की असा कुणी आहे का बघा. त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याच्या घरी असा शिपाई आहे का, विचारा. तो लगेच उत्तर देणार नाही. तेव्हा उठून जाऊ नका.